अॅपचा इव्हेंट डेटा प्लॅटफॉर्मवर पाठवून आठ महिने झाले, गावाकडून सांगतो

मी राळेगावकडं गावातच बसून एका शेतकरी कंपनीचं अॅप सांभाळतो, भाव, हवामान, फवारणीची नोंद अन् बियाण्याचं बुकिंग, एवढंच आहे त्यात. दिवाळीनंतर कस्टमर एक्सपिरियन्स प्लॅटफॉर्म घेतला, म्हणजे लोकं अॅपमध्ये काय करतात ते टिपून चार्ट दाखवणारी अन् मेसेज सोडणारी बाहेरची सेवा, कोणता ते नाही लिहत, कारण रडगाणं बरंच आहे.

एसडीके, म्हणजे अॅपमध्ये टाकायचा त्यांचा तयार कोड, टाकणं सोपं, दोन दिवसात डॅशबोर्डवर इव्हेंट, म्हणजे अॅपमध्ये माणसानं केलेल्या एकेका गोष्टीची नोंद, दिसून राहिले. महिन्याभरानं चार्ट निघाला की लोकं फवारणीची नोंद संध्याकाळी सातलाच करतात, साहेब म्हणे मग नोटिफिकेशन सातलाच सोडा. मी म्हटलं थांबा बापा, दुपारी वावरात नोंद करताना मी डोळ्यानं पाहिलंय. तर झालं असं की वावरात रेंज नाही, एसडीके इव्हेंट फोनमध्येच रांगेत ठेवते अन् माणूस घरी येऊन नेट लागलं की सगळे एकदम सोडते. ही सोय नसती तर अर्धा डेटा गेलाच होता. पण आमचा रिपोर्ट सर्व्हरला पोचल्याच्या वेळेवर लावलेला, घडल्याची वेळ दुसऱ्याच फिल्डमध्ये. ती घेतली तेव्हा कुठं दुपार दिसली.

मग तारखा एक दिवस मागं. इव्हेंटवरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपण तिच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळं कालच्या खात्यात. शहरातल्या अॅपले काय फरक पडते, तिथं त्या टायमाले सगळे झोपलेले. आमच्याकडं थ्री फेज लाइन रात्रीची असली की माणूस दोन वाजता ओलिताले वावरात, अन् कापसाची गाडी हिंगणघाटले काढायची असली तर चारलाच भाव उघडून बसते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ओळखीनं. घरात बरा फोन एकच, दिवसा बाबाकडं, रात्री पोराकडं, मधात शेजारचे काका येऊन त्याच्यावरच लॉगिन करतात. प्लॅटफॉर्म डिव्हाइस आयडी, म्हणजे त्या फोनची ओळख, अन् मोबाइल नंबर जोडत जाते, तिघांचा मिळून एकच प्रोफाइल झाला, कागदावर एका माणसाचं वावर तीन गावात! बियाणं बुक केलं काकांनी, मेसेज गेला पोराले, अन् काकूनं फोन करून मले झापलं. आता लॉगआउट झाला की आयडी रीसेट करतो अन् नंबरलाच खरी ओळख धरतो, तरी जुने चिकटलेले प्रोफाइल सोडवता सोडवता दोन महिने गेले. सपोर्टवाल्याले समजावून सांगितलं तर तो म्हणे, एक फोन म्हणजे एकच युजर ना सर?

परवानगीचा स्क्रीन त्यांचा तयार मिळते तो इंग्रजीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्या म्हटलंय, म्हणून मराठीत आम्हीच लिहला. हो म्हटल्याशिवाय इव्हेंट जात नाही, हे मात्र त्यांनी नीट केलंय.

बिल इव्हेंटवर लागते. मी हौसेनं स्क्रोलसुद्धा पाठवत होतो, चूक माझीच, पहिलं बिल पाहून साहेब दोन दिवस बोलले नाही. आता अकराच इव्हेंट ठेवले, नावं एका शीटमध्ये लिहून, कारण एका अक्षराचा फरक पडला की तिथं नवीनच इव्हेंट तयार होते.

रिन्यूअलले मी हो म्हटलंय, रांगेच्या सोयीसाठी. स्क्रोलचा चार्ट कोणी परत मागितला तर कोड त्यानंच लिहावा.