शिबिरातलं लेसर घड्याळ आणि बाबांची साखर

बाबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. जानेवारीत सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शुगर तपासणीचं शिबिर लागलं आणि तिथून ते १८,५०० रुपयांचं 'लेसर घड्याळ' घेऊन घरी आले.

फसवलं कसं ते नीट सांगते. आल्याआल्या सगळ्यांना उपमा आणि गोड चहा. पाऊण तासाने बोट टोचलं, बाबांची साखर २६८. मग मनगटावर घड्याळ बांधलं, नाडीवर लाल ठिपके पडले आणि दीड तास व्याख्यान झालं. पुन्हा टोचलं तर १९१. "काका, बघा, प्रकाशाने रक्तातली साखर जळते!" अहो, खाल्ल्यावर चढलेली साखर पुढच्या दोन तासांत उतरायला लागतेच, आणि सकाळची गोळीही बाबांच्या पोटात होती. घड्याळ न बांधता एकालाही बसवलं नव्हतं.

'शास्त्रीय पुरावा' म्हणून रंगीत पत्रक दिलं, त्यात उंदरांचा आलेख. असे प्रयोग होतात, ते खोटं नाही. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, मग प्रकाश देऊन साखर मोजतात. पण औषधाची मात्रा कमी पडली तर काही उंदरांची साखर आपसूकही उतरते. म्हणून प्रकाश न दिलेले आजारी उंदीर शेजारी ठेवून तुलना करावी लागते. पत्रकात तो गटच नव्हता. शिवाय बाबांसारख्यांना होतो तो टाइप २ मधुमेह. त्यात इन्सुलिन असतं, शरीर त्याला नीट दाद देत नाही. आणि रक्तावर लेसर सोडण्याची मूळ, सोव्हिएत काळातली पद्धत म्हणजे शिरेत सुई घालून आतून प्रकाशतंतू सरकवणं. घड्याळाचा बराचसा प्रकाश कातडीतच विखरून जातो.

पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. विक्रेत्याने "गोळ्या हळूहळू सोडा" असं सांगितलं होतं आणि बाबांनी मेटफॉर्मिन कुणाला न सांगता बंद केली. एप्रिलमध्ये एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ७.३ वरून १०.२ वर गेलं. नव्या चपलेने अंगठ्याला आलेला फोड चिघळला. कपाटात पुस्तकांमागे गोळ्यांची पाकिटं सापडली, एकही गोळी फोडलेली नाही. मी ओरडले तेव्हा बाबा खाली बघून म्हणाले, "कंटाळा आला होता गं गोळ्यांचा." त्यावर मला पुढे बोलता आलं नाही. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं होतं.

त्याचा फोन आता बंद आहे. पावतीवर ना जीएसटी क्रमांक, ना उपकरणाचा परवाना. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आणि ते पत्रकही जोडलं. तुमच्याकडे असं शिबिर येऊन गेलं असेल, तर आज घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या मोजून बघा.

बाबांची जखम भरायला सात आठवडे लागले.