एका केबलवर दोन मॉनिटर : आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

यूएसबी-सी डॉक, म्हणजे एका केबलने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड वगैरे सगळं जोडून देणारी डबी, घेताना बहुतेक जण त्याला किती पोर्ट आहेत ते बघतात. दोन मॉनिटर चालवायचे असतील तर आधी बघायचं ते वेगळंच: लॅपटॉपच्या त्या एका पोर्टातून चित्रासाठी नेमकी किती जागा मिळते, आणि डॉक ती दोन मॉनिटरमध्ये कशी वाटतो. आठ-नऊ महिने रोज वापरल्यावर सांगते, हे गणित जुळलं तर यासारखी सोय नाही. नाही जुळलं, तर डॉक कितीही महाग असो, दुसरा मॉनिटर काळाच राहतो.

माझं काम कर सल्लागाराचं, ऑफिस कोल्हापुरात. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी, येतं आणि २० तारखेच्या आत ३बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायचं असतं. मधल्या दिवसांत प्रत्येक क्लायंटचं खरेदी रजिस्टर २बीशी ताडून बघायचं. पुरवठादाराने बिल नंबर ‘०४५/२४-२५’ असा टाकलेला असतो आणि क्लायंटच्या टॅलीत नुसतं ‘४५’ असतं. कुठे तारीख एका दिवसाने पुढे, कुठे रक्कम रुपयाने कमी. एक्सेलचा फॉर्म्युला अशा ओळी सोडून देतो, त्या डोळ्यांनीच पकडाव्या लागतात. चौदा इंची स्क्रीनवर हे करायचं म्हणजे दर ओळीला खिडकी बदलायची आणि मघाचा आकडा डोक्यात धरून ठेवायचा. आता डाव्या मॉनिटरवर २बी, उजव्यावर रजिस्टर, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर क्लायंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बिलाचा फोटो. नजर इकडून तिकडे गेली की काम झालं. संध्याकाळी मान आखडणं जवळजवळ थांबलंय, आणि माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

लॅपटॉप बाराव्या पिढीच्या इंटेल आय-५ चा, विंडोज ११. मॉनिटर दोन, २७ इंची, क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ. डॉक मधल्या किमतीचा: मॉनिटरसाठी दोन डिस्प्लेपोर्ट, नेटच्या वायरसाठी लॅन, तीन यूएसबी. चार्जरही डॉकलाच. सकाळी लॅपटॉपला एक केबल लावली की दोन्ही मॉनिटर, नेट, कीबोर्ड, डिजिटल सहीचं टोकन आणि चार्जिंग, सगळं सुरू. क्लायंटकडे जायचं असलं की तीच एक केबल काढायची.

हे चालतं ते एमएसटीमुळे, म्हणजे एका जोडणीतून अनेक मॉनिटरना चित्र द्यायच्या पद्धतीमुळे. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये, म्हणजे २०१० साली, ही सोय आली. ग्राफिक्स दोन वेगवेगळी चित्रं एकाच जोडणीतून पाठवतो आणि डॉकमधली चिप ती परत सुटी करून दोन मॉनिटरना देते. विंडोजवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण वाटायला आहे किती, ते बघावं लागतं. यूएसबी-सीच्या केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार लेन असतात. डॉक यूएसबी ३ सुद्धा देत असेल तर त्यातल्या दोन तिकडे जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र जातं, १.४ च्या वेगाने १२.९६. एक क्यूएचडी मॉनिटर ६० हर्ट्झला साधारण ५.८ गिगाबिट खातो. दोन झाले की ११.६. म्हणजे १.४ असेल तर दोन्ही आरामात बसतात, १.२ असेल तर बसत नाहीत. एकाच टाकीवर दोन मजले असले आणि टाकी लहान असली, की वरच्या मजल्यावर नळ कोरडा राहतो, तसंच इथे होतं.

हे मी ऑफिसातच बघितलं. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाचा लॅपटॉप आठव्या पिढीचा आहे. त्याचा ग्राफिक्स १.२ च्या वेगाच्या वर जात नाही. तोच डॉक, त्याच केबली, तेच मॉनिटर. एकावर क्यूएचडी छान आलं, दुसरा काळा. दोन्ही फुल एचडीवर उतरवले तेव्हा दोन्ही लागले. डॉकमध्ये काहीच दोष नव्हता, तरी मुलगा तो बदलून आणायला निघालेला. म्हणून डॉकच्या खोक्यावर काय लिहिलंय त्याआधी आपल्या लॅपटॉपची पिढी बघा. इंटेलमध्ये अकरावी किंवा त्यापुढची असेल तर १.४ मिळतं.

४के वाल्यांचं गणित आणखी कडक. एक ४के मॉनिटर ६० हर्ट्झला साडेबाराच्या आसपास घेतो, म्हणजे दोन लेन एकट्यानेच भरल्या. लॅपटॉप आणि डॉक दोघांनाही डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन, म्हणजे चित्र दाबून पाठवणं, जमत असेल तर वाट निघते. नाहीतर थंडरबोल्ट, म्हणजे त्याच आकाराच्या पोर्टातली जास्त वेगाची जोडणी, घ्यावं. थंडरबोल्ट ४ च्या नियमातच दोन ४के मॉनिटर चालले पाहिजेत असं आहे. डॉक महाग पडतो, पण दोन ४के हवेच असतील तर तिथे काटकसर करू नये.

मॅकवाल्यांनी मात्र माझ्यासारखा डॉक घेऊच नये, हे कळकळीने सांगते. मॅकओएसमध्ये एमएसटीने दोन वेगळे स्क्रीन मिळत नाहीत. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. त्यात एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. एम३ ला झाकण बंद ठेवून दोन, एम४ ला झाकण उघडं ठेवूनही दोन. जुन्या एअरवर दोन हवेत तर डिस्प्लेलिंक चिपचा डॉक हा एक मार्ग. त्यात चित्र सॉफ्टवेअर दाबून यूएसबीवरून पाठवतं, म्हणून ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर भार येतो, मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि संरक्षित व्हिडिओ काळे दिसतात. एक्सेल-टॅलीच्या कामाला ते चालून जाईल. विंडोज लॅपटॉपवर एमएसटी जमत असताना मी ते घेणार नाही.

आता रोजच्या वापरातल्या कटकटी. लाईट गेली की इन्व्हर्टर उचलेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात डॉक बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दोन्ही मॉनिटर काळे, लॅनही तुटायचं, आणि पोर्टलवर अर्धा भरलेला फॉर्म गेला की पहिल्यापासून. डॉक, मॉनिटर आणि राउटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर घेतल्यापासून तो त्रास संपला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, एकापेक्षा जास्त डिस्प्लेच्या भागात, मॉनिटर परत जोडल्यावर खिडक्या आपापल्या जागी आणायचा पर्याय आहे. तो चालू आहे ना ते बघून घ्या.

वायरलेस माउस अडखळत चालायचा. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, डॉकमधून काढून छोट्या एक्स्टेंशन वायरने लांब ठेवला आणि माउस सरळ झाला.

चार्जरचंही ध्यानात ठेवा. डॉक स्वतःसाठी थोडी वीज ठेवून उरलेली लॅपटॉपला देतो. ६५ वॉटचा चार्जर लावला तर माझ्या लॅपटॉपवर ‘स्लो चार्जर’ची सूचना यायची, १०० वॉटचा घेतल्यावर गेली. डॉक उन्हाळ्यात चांगलाच तापतो, त्याच्यावर फायली ठेवू नका. आणि लॅपटॉपचं स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी दाखवायचं प्रमाण) दीडशे टक्के, मॉनिटरचं शंभर, अशा जोडीत काही जुनी सॉफ्टवेअरं एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर ओढली की धूसर दिसतात. त्यांना मी एकाच मॉनिटरवर ठेवते.

घेण्याआधी लॅपटॉपचा पोर्टही निरखून बघा. दिसायला सगळे यूएसबी-सी सारखेच, पण काहींतून चित्र बाहेरच पडत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची डी-पी खूण किंवा विजेचा बाण असेल तर बरं. कंपन्या कधी कधी खूण छापत नाहीत, तेव्हा मॉडेल नंबर टाकून माहितीपत्रक वाचायचं आणि दुकानात आपलाच लॅपटॉप नेऊन लावून बघायचा.

दिवाळीनंतर तिसरा मॉनिटर घ्यायचा विचार आहे. डॉकवर त्याला जागा उरलेली नाही, १२.९६ पैकी ११.६ तिथेच संपलेत. पण माझ्या लॅपटॉपचा ग्राफिक्स स्वतःच्या स्क्रीनसकट चार डिस्प्ले चालवतो आणि बाजूचं एचडीएमआय रिकामं आहे, तेव्हा तो तिथे लावीन.