टेलिमानस १४४१६: नंबर सेव्ह करून ठेवाच
पाच स्टार. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट, चोवीस तास चालू आणि मराठीत बोलता येतं. धाकट्या बहिणीसाठी लावला होता फोन. मेडिकलला आहे ती, होस्टेलच्या मुली सारख्या 'रँक किती गं तुझी' विचारायच्या, म्हणजे आरक्षणातून आलीस ना असा जातीवरून टोमणा, मेसमध्ये ही बसली की ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर, झोपच उडाली होती पोरीची. आधी एका खाजगी काउन्सेलरकडे नेलं तर म्हणे जात वगैरे डोक्यातून काढून टाका, फी मात्र पूर्ण घेतली! इथल्या मॅडमनी घाई न करता सगळं ऐकलं, हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत असं स्पष्ट बोलल्या, गरज पडली तर सायकियाट्रिस्टशी जोडून देतात तेही सांगितलं. २०१९ ला मुंबईतली आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली, सिनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप होता, तेव्हापासून आमच्या घरात धास्ती आहेच हो. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८ आहे, उपचारात जातीवरून भेदभाव करता येत नाही, हे माहीत असू द्या. रॅगिंगची, अट्रॉसिटीची तक्रार मात्र वेगळी करावी लागते, ती आम्ही केलीये.