मुलांच्या खोलीतला कूलर, चार महिन्यांनंतर

आधीच सांगतो, पहिल्या पंधरा दिवसांत या कूलरला मी जेवढ्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या मलाच लागू होत्या.

मुलांची खोली पश्चिमेला, वर थेट गच्ची. संध्याकाळी बाहेर वारा सुटायचा आणि नेमकी तेव्हाच ही खोली तापायला लागायची. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती धग आत पोचायला काही तास जातात, म्हणजे बरोबर मुलांच्या झोपायच्या वेळी. लेक बंक बेडवर वर झोपायची. एकदा रात्री दहाला म्हणाली, "बाबा, छताला हात लावून बघ ना." लावला. गॅस बंद करून थोडा वेळ झालेल्या तव्यासारखं लागत होतं. त्याच रात्री दोघांच्या गाद्या खाली जमिनीवर आल्या आणि दुसऱ्या दिवशी कूलर.

चाळीस लिटरची टाकी, हनीकोंब पॅड (म्हणजे पंपानं ओली राहणारी, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रांची जाळी). पहिल्या रात्री मी दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या, गार हवा बाहेर जायला नको म्हणून. तासभर मस्त वाटलं. मग अंग चिकट, चादर दमट, उशाजवळच्या गोष्टीच्या पुस्तकाची पानं वाकडी. कूलर पाण्याची वाफ करतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतो. खोलीतली हवाच ओलावली की पाणी उडत नाही आणि उरतो फक्त आवाज. आता त्याची पाठ उघड्या खिडकीला आणि समोरचं दार अर्धं उघडं. बाहेरची कोरडी हवा आत, दमट हवा दारातून बाहेर. एवढ्या बदलानं त्याच रात्री फरक पडला.

पण खरा फरक कूलरनं केलाच नाही, तो केला खिडकीबाहेर लावलेल्या बांबूच्या चिकेनं. आत आमचा जाड पडदा होताच. पण ऊन काचेतून आत आल्यावर पडद्यानं अडवून काय उपयोग? पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. सोबत गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला. भिंतीवर गादीच्या उंचीला थर्मामीटर टांगला आहे. बाहेर साधारण सारखाच उन्हाळा असलेल्या दिवसांत रात्री आठचा आकडा ३६ वरून ३३ वर आला, तोही कूलर चालू करायच्या आधी. उरलेलं काम कूलरला झेपतं. हे आधी केलं असतं तर कदाचित लहान कूलरवर भागलं असतं.

आता तक्रारी. टाकी रिकामी करायचं बूच इतकं खाली आहे की त्याखाली साधं तसराळंही जात नाही. दर रविवारी अख्खा कूलर ओढत बाथरूममध्ये न्यायचा. ज्यानं हे बूच तिथे बसवलं, त्यानं स्वतः कधी टाकी धुतली नसावी. आणि धुणं टाळता येत नाही. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. पाणी जड असेल तर पॅडवर पांढरे क्षारही धरतात.

आवाजाचं म्हणाल तर तिसऱ्या वेगावर शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. रात्री आम्ही पहिलाच ठेवतो आणि झोत भिंतीकडे वळवतो. थेट अंगावर घेतला की धाकट्याचं नाक सकाळी गच्च. त्याला जाळीत बोटं घालायची हौस आहे, म्हणून जाळीच्या फटी खरेदीच्या वेळीच मोजून घेतल्या. पाणी भरताना प्लग काढायचा, हा नियम घरात मोठ्यांनाही.

पाऊस लागल्यापासून पंप बंद आहे. दमट हवेत कूलर म्हणजे मोठा, बोजड पंखा, त्यापेक्षा छताचा बरा. तुमच्याकडे उन्हाळाच दमट असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

गाद्या अजून जमिनीवरच आहेत. छत आता गार असतं हे लेकीला दोनदा हात लावून दाखवलं, तरी ती वर जायला तयार नाही.