केदारकंठाचे पैसे भरले, पण कुणाला?

उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरलं तेव्हा आम्ही पाचही जण जरा तोऱ्यातच होतो. रतनगड ते हरिश्चंद्रगड पाठीवर सॅक घेऊन केलेला, कोकणकड्यावर थंडीत उघड्यावर झोपलेलो. कुठले बूट घ्यायचे यावर ग्रुपवर तीन आठवडे काथ्याकूट चालला. पैसे कुणाच्या हातात देतोय, यावर तीन मिनिटंसुद्धा नाही.

ट्रेक ठरवून देणारा पुण्याचा एक जण इन्स्टाग्रामवर सापडला. स्वच्छ मराठी बोलायचा. "ताई, निर्धास्त या, तिथली सगळी आपलीच माणसं आहेत." दर माणशी साडेनऊ हजार. फार स्वस्त नव्हता, म्हणूनच शंका आली नाही. अगदीच कमी सांगितला असता तर कदाचित कान टवकारले असते. आधी निम्मेच भरायचे होते. मग म्हणाला, सगळे आत्ता भरलेत तर माणशी पाचशे कमी. झालं, ४५,००० रुपये एका झटक्यात यूपीआयने गेले. स्क्रीनवर नाव आलं ते ना त्याचं, ना त्याच्या पेजचं. "मेव्हण्याचं खातं आहे ताई, जीएसटीची भानगड नको म्हणून." यावर आम्ही चक्क हसलो.

डेहराडूनहून सांकरी, म्हणजे ट्रेक सुरू होतो ते गाव, साधारण दोनशे किलोमीटर, पण घाटरस्त्याने सगळा दिवस जातो. मसुरी, पुरोला, मोरी, मग नैटवाड. इथे रुपिन आणि सुपिन एकत्र येऊन टोन्स होते, आणि इथेच वनखात्याचा नाका आहे. प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये धरलंय असं त्याने लिहून दिलं होतं. नाक्यावर आमच्या नावाचं काहीच नव्हतं. पाल चुकचुकली, पण रक्कम किरकोळ होती, भरली आणि पुढे निघालो.

सांकरीत पोचताच त्याचा मेसेज आला, "ग्रुप फोटो पाठवा, रेकॉर्डसाठी लागतो." लाकडी घरांसमोर उभं राहून दात काढत फोटो काढला, पाठवला.

संध्याकाळी तिथला ट्रेक चालवणारा माणूस आला. चहा झाला आणि त्याने शांतपणे विचारलं, "दीदी, बाकी का पेमेंट?" त्याचा दर माणशी सहा हजार, म्हणजे पाच जणांचे तीस. त्यातले हातात पडलेले दहा. "उरलेले वीस पाहुणे इथे आल्यावर रोख देतील" असं त्याला सांगितलेलं होतं. त्याने मोबाइल पुढे केला, आम्ही आमचे स्क्रीनशॉट पुढे केले. दोन्हीकडचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून आम्ही सगळेच गप्प बसलो. पुण्याला फोन लावला. एकदा उचलला, "रेंज नाहीये ताई," आणि त्यानंतर बंद.

मला त्या पहाडी माणसाचा राग धरता येत नाही. सीझनमध्ये त्याच्याकडे असे बुडवलेले ग्रुप येतच असणार. आमच्याकडे मिळून १३,००० रोख निघाले, यूपीआयचं चक्र नुसतं फिरत राहिलं. तेरा हजारात बसेल तेवढं देतो, म्हणाला. म्हणजे एक तंबू कमी, एक मुक्काम कमी आणि मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे, नाहीत.

जुडा का तालाब नऊ हजार फुटांच्या आसपास. तळं गोठलेलं, देवदारांवर बर्फ, दिवसा सगळं चित्रासारखं. रात्री तिघांच्या तंबूत पाच जण. माझ्या स्लीपिंग बॅगचं लेबल कापलेलं होतं आणि कापडावर मार्कर पेनने '-१०' लिहिलेलं. चेन अर्ध्यात अडकायची, पुढचं कुणीतरी तीन सेफ्टी पिनांनी जोडलेलं. उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी सकाळी खडखड वाजत होतं.

शिखर साधारण साडेबारा हजार फूट. पहाटे तीनला निघालो. तुडवून तुडवून बर्फाची काच झालेली. आमच्यातला एक दोनदा घसरला, दुसऱ्यांदा पंधरा-वीस फूट खाली गेला आणि एका झुडपाला अडकला. तिथूनच परत फिरलो. उजाडल्यावर लांब स्वर्गारोहिणी शिखर दिसलं. आमच्यात बोललं कुणीच नाही.

परत आल्यावर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पण पैसे जाऊन तोवर महिना उलटला होता. पलीकडच्या बाईंनी तक्रार नोंदवली आणि विचारलं, लगेच का नाही केलात? पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ते अडवायची शक्यता असते. पोलीस चौकीत वेगळंच. पैसे तुम्हीच पाठवलेत, ट्रेकही झाला, मग ही ग्राहक तक्रार, म्हणाले. अर्ज दोन्हीकडे पडलेत.

हल्ली ओळखीतलं कुणी हिमालयात निघालं की मी आधी विचारते, तिथे तुम्हाला प्रत्यक्ष वर नेणारा माणूस कोण? त्याचा नंबर मागा, पैसे देण्याआधी त्याच्याशी बोला, त्याला किती मिळाले आणि किती यायचेत ते त्याच्याच तोंडून ऐका. आम्ही हा फोन केला असता तर ४५,००० वाचले असते. पेजवर शेकडो फोटो होते, त्यात हसणारी खरी माणसं होती, आणि त्यावरच आम्ही भुललो.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने एका पेजची लिंक पाठवली, जाऊ का म्हणून. नाव नवीन, भाषा तीच, 'जानेवारी बॅच, थोड्याच जागा शिल्लक.' वर फोटो आमचा. लाकडी घरं, आम्ही पाच जण, आणि माझ्या कानटोपीचा लाल गोंडा अगदी स्पष्ट.