हिंदमाताचे युनिफॉर्म: शिलाई झकास, बिल मात्र उभं राहून करून घ्या

दादर पूर्वेच्या हिंदमाता कापडबाजारात हॉटेल, क्लिनिक, सलूनसाठी युनिफॉर्म शिवून मिळतात. पावसाचं पाणी तुंबलेलं नसेल तो दिवस बघून जा.

शिलाईला नाव ठेवायला जागा नाही. शेफ कोटाला टेरीकॉट बरं. सुती कापड रोजच्या गरम धुण्याने आटतं, घ्यायचंच असेल तर धुवून मगच बेतायला सांगा. लोगोचं भरतकाम खिसा बसवण्याआधी व्हायला हवं. तयार कोटावर मशीन फिरली की खिसा आतून कोटालाच शिवला जातो, मग त्यात पेनही जात नाही. पंचिंगचे, म्हणजे लोगो भरतकामाच्या मशीनसाठी बेतून घेण्याचे, पैसे एकदाच. त्याच लोगोच्या दुसऱ्या ऑर्डरला पुन्हा लावले तर देऊ नका.

घोळ होतो तो गल्ल्यावर. ‘पक्कं हवं की कच्चं?’ असं विचारलं की जीएसटी वाचेल म्हणून माणूस कच्चं घेतो. समजा 950 चे 12 कोट, म्हणजे 11,400 रुपये. अडीच हजारांपर्यंतच्या नगावर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 570. कच्च्या चिठ्ठीवर दाखवलेला खर्च तपासणीत टिकणं कठीण, आणि तो उडाला तर 30 टक्के दराने कर भरणाऱ्या फर्मला 3,400 च्या वर फटका. गिऱ्हाइकाला पाच टक्के जीएसटी आकारणारं रेस्टॉरंट असेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. तो जीएसटीही खर्चातच धरायचा.

पक्क्या बिलावरही ‘रेडिमेड कपडे’ एवढंच लिहून देतात. तसं घेऊ नका. ‘शेफ कोट, लोगोसह, 12 नग’, फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर (महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो) हवाच. भरतकाम त्याच बिलात लावून घ्या, कारण कपडा कामाचाच आहे हे लोगोवरून दिसतं. पैसे यूपीआयने. एका दिवसात एकाच दुकानाला रोख 10,000 च्या वर गेले तर तो खर्च नामंजूर. बिलाचे दोन तुकडे केले तरी बेरीज दिवसाचीच धरतात. आपल्या धंद्याच्या जागी परतल्यावर युनिफॉर्म वाटपाची वही: कोणाला किती, तारीख, सही.

याच बिलात मालकाने स्वतःचा ब्लेझर घुसवू नये. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 37(1) मध्ये खासगी खर्च बसत नाही, आणि जो ब्लेझर लग्नातही चालतो तो खासगीच. वकिलाचा गाऊन नि गळ्यातला पांढरा बँड यांची गोष्ट वेगळी, ते घालून कोणी लग्नाला जात नाही. पांढऱ्या शर्टावर मात्र वाद होऊ शकतो. 1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, एवढं सीएशी बोलताना लक्षात असू द्या.

जुन्या कायद्यातल्या कलम 44एडी (छोटे धंदे) किंवा 44एडीए (वकील, डॉक्टर असे व्यावसायिक) सारख्या तरतुदीखाली प्रत्यक्ष खर्च न मांडता अंदाजित नफा दाखवत असाल तर युनिफॉर्मचा खर्च वेगळा वजा होतच नाही. मग फक्त शिलाई बघा.