लाटुरेट यांचे कागद आणि स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ख्रिस्ती मिशनचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक केनेथ स्कॉट लाटुरेट (१८८४–१९६८) यांचे कागद न्यू हेवनच्या डिव्हिनिटी लायब्ररीत आहेत. त्यांचा ख्रिस्ती धर्मप्रसाराचा सात खंडी इतिहास छापील मिळतोच. कागदांत मोलाचा आहे तो पत्रव्यवहार. पण नुसता तोच वाचला तर निम्मंच हाती लागतं. १९०९-१० मध्ये ते स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंटसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना परदेशी मिशनरी होण्याकडे वळवणाऱ्या चळवळीसाठी, कॉलेजं फिरत होते, नंतर चीनमध्ये चांगशाला गेले. म्हणून चळवळीचं दप्तर (रेकॉर्ड ग्रुप, म्हणजे संग्रह क्रमांक, ४२) आणि चळवळीचे नेते जॉन मॉट यांचे कागद (४५) सोबत मागवाच.

ऑनलाइन सूची फोल्डरपर्यंत नेते, एकेका पत्रापर्यंत नाही. विषय टाकून फारसं सापडत नाही. आधी माणसांच्या नावांची यादी करा. गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगही टाकून पाहा, पुणे, अहमदनगर, कोल्हापूर सगळ्यांचीच.

पाठवलेल्या पत्रांच्या बहुधा कार्बन प्रतीच उरतात. कागद इतका पातळ की खालच्या पानाची अक्षरं वर उमटतात आणि फोटोत दोन ओळी एकात एक गुंततात. पानामागे कोरा पांढरा कागद सरकवायची परवानगी घ्या, फ्लॅश बंद ठेवा, आणि प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचाच काढा. लेबल नसलेला फोटो पुढे संदर्भ देताना कुचकामी ठरतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती प्रतिज्ञापत्रांपाशी. 'देवाची इच्छा असेल तर परदेशी मिशनरी होण्याचा माझा संकल्प आहे' अशा अर्थाच्या मजकुरावर विद्यार्थी सही करत. सही केलेले कित्येक जण पुढे गेलेच नाहीत. कोण खरोखर गेलं, हे मिशन मंडळांच्या दप्तरातच पडताळावं लागतं: अमेरिकन मराठी मिशनसाठी हार्वर्डची हॉटन लायब्ररी, कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनसाठी फिलाडेल्फिया.

मराठी अभ्यासकाने रॉबर्ट वाइल्डर यांचे कागद सोडू नयेत. जन्म कोल्हापूरचा, १८६३ चा. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी-शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनरी होण्याचा संकल्प केला, त्यामागच्या प्रमुखांपैकी ते एक.

१९२० नंतर सूर पालटतो. वंशभेद आणि युद्ध यांवर विद्यार्थी थेट प्रश्न विचारू लागतात. अधिवेशनांच्या छापील अहवालांत भाषणं नीटनेटकी दिसतात, म्हणून त्याच महिन्यांची पत्रं शेजारी ठेवून वाचा.

उतारे छापायचे असतील तर हक्क आधी विचारा. अमेरिकेत अप्रकाशित पत्रांवरचा हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, आणि लाटुरेट यांना आलेल्या पत्रांचा हक्क ती लिहिणाऱ्यांच्या वारसांकडे असू शकतो.